रकाना दुसरा: जन्मतारीख

मेलबर्नला दहा वाजतात तेव्हा
मालाडला पहाटेचे साडेपाच.
चिंचोली बंदरच्या सहाव्या मजल्यावर
एसीने गोठलेली बोटं काखेत धरून
मी परक्या खेळाडूंचे जन्म भरते.

नाव, जन्म, निवड, पदार्पण.
चेंडू लांबट असतो म्हणे, सोललेल्या नारळासारखा,
टप्पा पडला की कुठे जाईल नेम नाही.
मी एकही सामना पाहिलेला नाही,
पण त्यांचा जानेवारी मला तोंडपाठ आहे.

आलेख काढला की पहिला खांब
लिंक रोडवरच्या नव्या टॉवरसारखा वर जातो,
फेब्रुवारी, मार्च त्याच्या सावलीत,
आणि डिसेंबर येईतो
नुसता तळमजला उरतो.

ग्लॅडविनने समजावलं, चहात पाव बुडवत:
एकतीस डिसेंबरला दोरी बांधतात.
त्या वर्षातली सगळी पोरं एका पंगतीला.
जानेवारीतला अकरा महिने जास्त जेवलेला,
खांद्याने रुंद, पळायला पुढे,
निवडणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर.
डिसेंबरातला गुणी असेलही,
त्याला मिशी फुटायची असते अजून.
मग मोठेपणी लोक म्हणतात, नशीबवान होता.

दुपारी घरी येऊन बाबांना आलेख दाखवला.

बाबांची जन्मतारीख एक जून.
थोरल्या काकांची एक जून.
पाटोळ्यांच्या भागवतची, कासारांच्या जिजाची, एक जून.
मास्तरांनी एका बैठकीत अख्खा वर्ग जन्माला घातला,
टाक पुन्हा दौतीत बुडवायचा कंटाळा म्हणून.
जालन्याकडच्या आमच्या गावाचा आलेख काढला
तर अकरा महिने उघडं माळरान
आणि मधोमध एकच खांब,
गढीच्या बुरुजाएवढा.

मला वाटलं बाबा हसतील.
ते म्हणाले, मी पोळ्याचा.
बैलांची शिंगं रंगवून झाली होती, आई सांगायची.

मग परळची ती स्पर्धा निघाली,
अठराच्या आतली कबड्डी, जुलै महिना,
ताडपत्रीखाली ओलसर मैदान.
पंचांनी दाखला बल्बसमोर धरला:
अठरा वर्षं, एक्केचाळीस दिवस.
हे खोटं आहे म्हणायला दुसरा कागद लागतो.
खरे सतरा वर्षांचे बाबा
संध्याकाळभर रेषेबाहेर बसून
बाकीच्यांच्या चपला आणि घड्याळं सांभाळत राहिले.
चाळीस वर्षांनी पालिकेने
त्याच तारखेवरून हार घालून घरी पाठवलं,
चार पगार आधी.
हे त्यांनी मला आज सांगितलं,
भाजी निवडता निवडता.

आज ओळ चार हजार एकशे सहा.
कुणी डॅरेन व्हिटकोम, जन्म एकतीस डिसेंबर.
निवड: नाही. पुढल्या वर्षी: नाही.
तिसऱ्या खेपेला, यादी संपता संपता, घेतलेला.
पदार्पणाचा रकाना उघडायच्या आधी
मी डोळे मिटले, दहावीच्या निकालाला मिटले होते तसे.
रिकामा.
नियम आहे, रिकाम्या जागी 'लागू नाही' भरावं.
लागू नाही कसं?
तीन वर्षं तो माणूस बूट बांधून उभा होता.
मी जागा रिकामीच ठेवली. ओळ लाल झाली.

मग यादीच्या तळाशी, चाचणीसाठी सोडलेल्या ओळीत,
बाबांचं नाव टाकलं: रंगनाथ दगडू वाघचौरे.
जन्म: पोळा.
यंत्र म्हणालं, तारीख अवैध.

ग्लॅडविनला सांगितलं, एकसष्टचा पोळा शोध.
त्याने जुनं पंचांग उघडलं, त्याला त्यातलं ओ का ठो कळत नाही,
मीच बोट ठेवून वाचलं.
अमावास्या नऊ सप्टेंबरच्या सकाळी लागते,
दहाच्या सकाळी संपते.
बाबा त्यात कुठेतरी.

रकान्यात एकच तारीख बसते.
"नऊ की दहा?" ग्लॅडविन विचारतो,
आणि वरून सुपरवायझर, की ही लाल ओळ कुणाची.